बूट बाहेर काढून आत यावे

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. स्टाफरूममध्ये चहाचा कप तोंडाला लावतोय तोच आमच्या विभागाचे मामा धापा टाकत आत आले. आमच्याकडे कॉलेजच्या शिपायाला मामा म्हणतात. हे मामा संगणक विभागात अठ्ठावीस वर्षं आहेत; सध्याच्या निम्म्या प्राध्यापकांनी विद्यार्थी असताना त्यांच्या शिव्या खाल्लेल्या आहेत.

“सर, घात झाला. तीन नंबरच्या लॅबमधले समदे सीपीयू गेले.”

“किती?”

“समदे म्हनलं की. चाळीसच्या चाळीस. आन चोर पन कसला येडा बघा. स्क्रीन ठेवलाय, कीबोर्ड ठेवलाय, वायरीसुद्धा गुंडाळून रबर लावून ठेवल्यात.”

चोरी झालेली नव्हती. सुट्टीत जुने चाळीस डेस्कटॉप काढून तिथं थिन क्लायंट बसवले होते. ही बातमी प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळ्यांना होती. ज्यांच्याकडे लॅबची किल्ली असते, तेवढ्यांनाच सांगायचं राहिलं होतं.

पुस्तकात सीपीयू म्हणजे संगणकातली बिस्किटाएवढी चिप. पण आपल्याकडे सीपीयू म्हणजे टेबलाखालचा तो पत्र्याचा खोका. बाप कर्ज काढून मुलाला संगणक घेतो तेव्हा खरं तर खोका घेतो. स्क्रीन त्याच्या लेखी खोक्याबरोबर आलेला टीव्ही असतो. खोका दिसला की संगणक आहे. तोच नसेल तर बाकी सगळा पसारा म्हणजे नवरदेवाविना निघालेली वरात.

मी मामांना लॅबमध्ये नेऊन एका स्क्रीनच्या पाठीला चिकटवलेली काळी डबी दाखवली. साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, आत पंखा नाही, कसला आवाज नाही.

“ह्यो सीपीयू?” मामांनी डबी दोन बोटांनी दाबून पाहिली, आंबा पाहतात तशी.

“सीपीयू नाही. हा फक्त निरोप्या. पोरांनी दाबलेली बटणं वर पोचवायची आणि वरून आलेलं चित्र स्क्रीनवर दाखवायचं. खरा संगणक वर सर्व्हररूममध्ये.”

“एकच?”

“एकच. मोठा आहे.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी आमच्या गावच्या शाळेवानी. चार वर्ग, एक मास्तर.”

ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय मी बावीस वर्षं शिकवतोय. टाइम शेअरिंगची इतकी चोख व्याख्या एकाही उत्तरपत्रिकेत वाचलेली नाही. एका खोलीत चार इयत्ता भिंतींना पाठ लावून बसलेल्या. मास्तर चौथीला गणित घालतात. ते सोडवेपर्यंत तिसरीची कविता, तेवढ्यात दुसरीचं शुद्धलेखन, आणि पहिलीनं रडायला सुरुवात करायच्या आत पुन्हा पहिली. मास्तरांचा हात पुरेसा चपळ असेल तर प्रत्येक वर्गाला वाटतं, मास्तर आपल्याचकडे बघतायत. या खेळाला १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी आयबीएमच्या यंत्रावर आकार दिला आणि पुढे त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आमच्या मामांच्या मास्तरांना शाळा तपासणीच्या वेळी मेमो मिळाला होता.

*

विद्यापीठं आणि वाटून घ्यायचा संगणक यांचं नातं जुनं आहे, आणि त्यात विद्यार्थी पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्यांसारखेच वागत आलेत. एमआयटीच्या त्या यंत्रणेत प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळायचा आणि कुणी दुसऱ्याच्या वेळेवर हात मारू नये म्हणून पासवर्ड असायचा. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. त्यानं शुक्रवारी रात्री एका पंच कार्डावर विनंती लिहून दिली की अमुक फाइल छापून ठेवा, आणि शनिवारी येऊन छापलेला कागद उचलला. फाइल होती सगळ्यांच्या पासवर्डांची. पासवर्डची पद्धत रुळते न रुळते तोच तो फुटलासुद्धा, आणि फोडणारा कुणी शत्रू नव्हता, सबमिशन जवळ आलेला पोरगा होता.

तिकडं डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी १ मे १९६४ला पहाटे चार वाजता एकाच यंत्रावर दोन बेसिक प्रोग्रॅम एकदम चालवून दाखवले. पहाटे चार ही वेळ ऐकून मला त्या दोघांविषयी फार जवळीक वाटते. आमच्याही सर्व्हरवर नीट काम करायचं असेल तर हीच वेळ धरावी लागते.

आपल्याकडं त्याच साली मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला. पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, निकाल नंतर न्यायचा. एखाद्या कार्डात स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा गठ्ठा, पुन्हा खिडकी. तहसील कचेरीत सातबारा मागण्याचा अनुभव असलेल्या माणसाला या पद्धतीत काही नवं वाटलं नसतं.

माझं स्वतःचं शिक्षण झालं ते नव्वदच्या आसपास, हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलवर. एक युनिक्सचं यंत्र, त्याला आठ टर्मिनलं. आठांतल्या एकानं प्रोग्रॅममध्ये न संपणारा लूप लावला की आठही हिरवे पडदे थिजायचे, आणि लॅबभर एकच आरोळी उठायची, “कुणी लावलाय रे?” लावणारा सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. मग पीसी आले, ज्याचा त्याचा खोका झाला आणि आम्ही म्हणालो, सुटलो एकदाचे या एकत्र कुटुंबातून. नंतर कळलं की चाळीस स्वतंत्र घरं म्हणजे चाळीस गळकी छपरं. परीक्षेआधी प्रत्येक खोक्यात घोस्टची सीडी घालून तो नव्यानं कोरा करायचा. व्हायरस पेन ड्राइव्हवरून हिंडत असायचे. शिवाय पोरं रॅम चोरायची! खोक्याला कुलूप लावलं तर कुलूप जागेवर आणि रॅम गायब. माउसमध्ये गोळी असायची त्या काळात तर आमच्या होस्टेलवर गोट्यांचा तुटवडा कधी पडला नाही.

आणि आता, पंचविसेक वर्षांनी, फिरून तीच एकशिक्षकी शाळा. मायर आणि सदरलंड या दोघांनी १९६८ सालीच एका शोधनिबंधात हे ओळखलं होतं. पडद्यामागच्या यंत्राला थोडी अक्कल द्यावी, मग आणखी थोडी द्यावी, असं करता करता तोच एक पुरता संगणक होऊन बसतो आणि तुम्ही निघाला होतात तिथंच परत येता. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं पुनर्जन्माचं चाक. हा शब्द दोन अमेरिकनांना सुचावा आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी तोंडपाठ असलेल्या आमच्या खरेदी समितीला मात्र थिन क्लायंट हे एकविसाव्या शतकाचं नवं तंत्रज्ञान वाटावं! अगदी १९९६मध्येसुद्धा ओरॅकलचे लॅरी एलिसन हेच विकायला निघाले होते, नेटवर्क कॉम्प्युटर या नावानं. तेव्हा पीसीच स्वस्त झाले आणि ते यंत्र पुढच्या जन्मावर ढकललं गेलं.

*

नावापासूनच भानगड सुरू झाली. प्राचार्यांचा आग्रह की वार्षिक अहवाल शुद्ध मराठीत हवा. थिन क्लायंटला प्रतिशब्द म्हणून मराठीच्या मॅडमनी ‘सडपातळ ग्राहक’ सुचवला. आमच्या संस्थेचे एक विश्वस्त वकील आहेत. ते म्हणाले, क्लायंट म्हणजे अशील. मग ‘कृश अशील’ झालं. अहवालाच्या पहिल्या प्रतीत “महाविद्यालयाने यंदा ४० कृश अशील खरेदी केले” असं वाक्य छापून आलं आणि दुसऱ्या प्रतीत निमूटपणे थिन क्लायंट झालं.

यजमान आणि पाहुणा यांना मात्र भाषांतर लागलंच नाही. सर्व्हर हा होस्ट, म्हणजे यजमान. त्याच्या पोटात चालणारी चाळीस आभासी यंत्रं हे गेस्ट, म्हणजे पाहुणे. आणि या दोघांच्या मधला जो कारभारी, तो हायपरव्हायझर. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला पूर्वी सुपरव्हायझर म्हणत. त्याच्याही वरचा म्हणून हा हायपर. मराठीत सुपरव्हायझर म्हणजे परीक्षेतला पर्यवेक्षक. त्याच्यावर नजर ठेवणारं ते भरारी पथक. मी वर्गात असंच शिकवतो आणि पोरं परीक्षेत तसंच लिहितात.

या पाहुण्याचं वैशिष्ट्य हे की आपण पाहुणे आहोत हे त्याला माहीतच नसतं. त्याला वाटतं हे घर, ही मेमरी, ही डिस्क, सगळं आपलं. पोपेक आणि गोल्डबर्ग या दोन संशोधकांनी १९७४ साली यासाठीच्या अटी घालून दिल्या. त्यातली मुख्य अशी की पाहुण्यानं घरातल्या कुठल्याही नाजूक गोष्टीला हात लावला की यजमानाला चाहूल लागलीच पाहिजे, म्हणजे तो मागच्या मागं सोय करून देईल. आयबीएमच्या यंत्रांवर हे त्याआधीपासून चालू होतं. १९६७मध्ये त्यांच्या केंब्रिजच्या केंद्रात सीपी-४० ही प्रणाली एकाच यंत्रात १४ आभासी यंत्रं नांदवत होती. पण आपल्या टेबलांवर जो इंटेलचा वंश आला, त्याच्यात खोट निघाली. २०००मध्ये एका अभ्यासात पेंटियमच्या अशा १७ आज्ञा मोजून दाखवल्या, ज्यांची चाहूल यजमानाला लागतच नाही. पाहुणा म्हणतो, दिवा मालवा. कुणालाच ऐकू जात नाही. दिवा जळतच राहतो आणि पाहुणा अंधार झाला असं धरून खाटेला अडखळतो.

व्हीएमवेअर कंपनीनं १९९९मध्ये यावर जो तोडगा बाजारात आणला, तो आपल्या घराघरांत आधीपासून होता. सासूबाई माजघरातून व्याह्यांसाठी निरोप देतात. सून तो ओसरीवर पोचवते, पण पोचवता पोचवता त्यातले चार घातक शब्द बदलून त्या जागी चार सोज्वळ शब्द घालते. सासूबाईंना वाटतं निरोप पोचला, व्याह्यांना वाटतं मान राखला, घर टिकतं. पाहुण्याच्या आज्ञा आधी वाचायच्या आणि नाजूक तेवढ्या बदलून पुढं द्यायच्या, एवढंच ते तंत्र. पुढं २००५पासून इंटेलनं चिपमध्येच सोय केली आणि सुनेवरचा ताण कमी झाला. कारखान्यात.

*

विक्रेत्याचा माणूस दाखवायला आला होता तेव्हा सगळं झकास चाललं. त्यानं चार थिन क्लायंट मांडले, चारांवर नोटपॅड उघडलं आणि चार ठिकाणी ‘वेलकम’ टाइप केलं. खरेदी समिती खूश. डेस्कटॉपला साधारण शंभर वॅट लागतात, याला दहा, असं म्हणून त्यानं विजेचा हिशेब मांडला. तो खराच होता, आणि विजेचं बिल खरोखरच उतरलं. “एका सर्व्हरवर चाळीस जण आरामात,” तो म्हणाला. चाळीस जणांनी चाळीस नोटपॅड उघडून ‘वेलकम’ लिहायचं असतं तर आजही आराम असता.

पहिल्या सोमवारी साडेदहाची घंटा झाली. दोन बॅचची मिळून चाळीस पोरं आत आली आणि चाळिसांनी एकदम बटण दाबलं. चाळीस आभासी यंत्रं एका क्षणी झोपेतून उठली आणि सगळ्यांना एकाच डिस्कमधून एकाच वेळी विंडोज पाहिजे झालं. लग्नाच्या हॉलमध्ये एकच न्हाणीघर असलं की सकाळी सहाला जे होतं, ते. पडद्यांवर ठिपके गोल फिरू लागले. दहा पस्तीस. दहा पंचेचाळीस. अकराला पाच कमी असताना पहिल्या बाकावरच्या मुलीला डेस्कटॉप दिसला आणि लॅबमध्ये टाळ्या पडल्या.

मी विक्रेत्याला फोन लावला. तो निवांत आवाजात म्हणाला, “सर, त्याला बूट स्टॉर्म म्हणतात. नॉर्मल आहे.”

मी फोन ठेवून मोठ्यानं म्हणालो, “बूट स्टॉर्म.” दारात उभ्या असलेल्या मामांनी बाहेर पडलेल्या ऐंशी चपलाबुटांच्या ढिगाकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “ते तर रोजचंच हाय, सर.”

आमच्या लॅबच्या दारावर अठ्ठावीस वर्षांपूर्वीची पाटी आहे, ‘बूट बाहेर काढून आत यावे’. तेव्हा ती गरज होती. खोक्यातले पंखे धूळ ओढायचे आणि धुळीनं यंत्रं मरायची. आता लॅबमध्ये पंखा असलेलं एकही यंत्र उरलेलं नाही, धूळ खायला कुणी जागं नाही. खरा संगणक वर सर्व्हररूममध्ये आहे. तिथं लॅबमधला एसी हलवलाय, आणि त्यामुळे एप्रिल-मेमध्ये विभागाच्या सगळ्या बैठका सर्व्हररूममध्ये होतात. तिथं आम्ही सगळे बूट घालून, चहाचे कप घेऊन बसतो. मी एकदा पाटी काढायचा विषय मामांकडे काढला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळातली घंटा काढायचा प्रस्ताव मांडलाय.

*

बूट स्टॉर्मवर उपाय निघाला. साडेनऊलाच सगळी यंत्रं आपोआप उठवून ठेवायची, पहाटे गोठ्यातली जनावरं उठवतात तशी. पण दुसरी गोष्ट पोरांना कळायला पूर्ण सत्र लागलं. या पद्धतीत एक मूळ प्रत असते, तिला गोल्डन इमेज म्हणतात. रोज सकाळी तिच्यावरून चाळीस कोरी यंत्रं जन्माला येतात. दिवसभर पोरं त्यात काय वाटेल ते करोत, व्हायरस आणोत, वॉलपेपर बदलोत, संध्याकाळी लॉग आउट केलं की यंत्र मेलं. उद्या पुन्हा कोरं. मला स्वतःला हे फार आवडतं. चाळीस घोस्टच्या सीड्या घेऊन रात्री नऊपर्यंत थांबलेल्या माणसालाच हे सुख कळेल. पण आपल्या पोरांचा जीव डेस्कटॉपवर असतो. प्रोग्रॅम डेस्कटॉपवर, जर्नल डेस्कटॉपवर, प्रोजेक्ट रिपोर्ट ‘न्यू फोल्डर’च्या आतल्या ‘न्यू फोल्डर’मध्ये. “सर, माझं काल इथं होतं.” “बाळा, काल हे यंत्रच नव्हतं.” नेटवर्कवर प्रत्येकाला स्वतःचा कप्पा दिला होता, त्याचं नाव पी ड्राइव्ह. पोरांनी तो उघडून पाहिला, रिकामा दिसला, आणि विश्वासार्ह नाही असं ठरवलं. ज्याच्यात आधीच काही सामान नाही त्या घरात कोण राहायला जातं?

त्यात आमच्या काही सहकाऱ्यांचं अजून टर्बो सी सुटत नाही. प्रोग्रॅम लिहायचा तो निळा पडदा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. आताच्या ६४-बिट विंडोजवर तो चालतच नाही, म्हणून त्याच्यासाठी डॉसबॉक्स लागतो, म्हणजे जुन्या डॉसच्या पीसीचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. म्हणजे बघा. पोरगं बसलंय थिन क्लायंटवर, जो संगणक नाही. तो दाखवतोय सर्व्हरमधलं आभासी यंत्र, जे खरं नाही. त्यात विंडोज, ज्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊक नाही. त्यात डॉसबॉक्स, जो तीस वर्षांपूर्वीचा पीसी असल्याचं नाटक करतोय. त्यात टर्बो सी, ज्याला वाटतंय अजून नरसिंह रावच पंतप्रधान आहेत. आणि इतक्या थरांच्या तळाशी पोरगं ‘हॅलो वर्ल्ड’ छापतं आणि त्याला अर्धविरामाची चूक सापडत नाही.

खरी कसोटी भांडारात लागली. आमचे भांडारपाल डेड स्टॉक रजिस्टर सांभाळतात. कॉलेजात जी वस्तू टिकाऊ, ती डेड स्टॉक. प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या ऑइल पेंटनं विभाग, खोली आणि क्रमांक घालायचा हा नियम. थिन क्लायंटच्या डबीवर तेवढी जागा नव्हती, म्हणून पेंटरनं क्रमांक डबीवर सुरू करून स्क्रीनच्या पाठीवर संपवला. इथवर ठीक होतं. मग त्यांनी बिल वाचलं.

“यात ४० व्हर्च्युअल मशीन लिहिलंय. ती कुठं आहेत?”

“सर्व्हरमध्ये.”

“मोजून द्या.”

मी त्यांना पडद्यावर यादी दाखवली. त्यांनी चाळीस ओळी बोटानं मोजल्या. “आज किती वाजता आली ही?”

“साडेनऊला.”

“आणि काल?”

“काल दुसरी चाळीस होती. ती संध्याकाळी मेली.”

भांडारपालांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नोकरीत एक खुर्ची मेली तरी निर्लेखनाचा प्रस्ताव, तीन सदस्यांची समिती, पंचनामा आणि लिलाव एवढं करावं लागतं. “म्हणजे सर,” ते अत्यंत शांतपणे म्हणाले, “रोज संध्याकाळी चाळीस यंत्रांचं निर्लेखन. आणि रोज सकाळी चाळिसांची नवी आवक. रविवार सोडून.” शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. रजिस्टरमध्ये अशी नोंद आहे: “आभासी यंत्रे, नग ४०, स्थिती: चालू, प्रत्यक्ष पाहणी: शक्य नाही.” माझ्या पाहण्यातल्या सरकारी-निमसरकारी दप्तरांत इतकी खरी नोंद दुसरी नाही.

*

टाळेबंदी आली तेव्हा याच यंत्रणेनं आमची अब्रू राखली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पोरं आपापल्या गावी, लॅब सर्व्हरमध्ये. मग लॅबला यायचं कशाला? सर्व्हरकडे बाहेरून यायची वाट करून दिली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीनं २००४पासूनच विद्यार्थ्यांना अशी कुठूनही वापरायची प्रयोगशाळा दिली होती. आम्हाला तिथं पोचायला महामारी लागली. कुणी गच्चीवर, कुणी नेटवर्कसाठी गावाबाहेरच्या टेकडीवर, बहुतेक जण मोबाइलवर. सहा इंचांच्या पडद्यावर अख्खं विंडोज, त्यात बोटानं डॉसबॉक्स उघडायचा. आता लिहिताना हसू येतं, पण त्यांनी प्रॅक्टिकल पूर्ण केली.

मामांची ड्यूटी मात्र आळीपाळीनं चालू होती. एकदा मी सर्व्हर पाहायला गेलो तर ते नेहमीप्रमाणे लॅब उघडून, झाडून, दाराशी स्टुलावर बसलेले. मास्क नाकाखाली.

“कोन न्हाई ना सर आत?”

मी लॅपटॉपवर पाहिलं. “आहेत. अठ्ठावीस जण.”

मामांनी दारातून चाळीस रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग वाकून बुटांच्या रॅककडं पाहिलं. “बूट तर एकबी न्हाई,” म्हणाले, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

*

कॉलेज पुन्हा भरलं आणि लगेच पाहणी समितीचं पत्र आलं. कुठली ते विचारू नका. आमच्याकडे समित्या पाळीपाळीनं येतात, वासुदेव आणि पिंगळ्यासारख्या. विद्यार्थ्यांच्या संख्येच्या प्रमाणात संगणक आहेत की नाहीत हे मोजायचं होतं. मी मोजणीच्या बाजूनं निर्धास्त होतो. बारा स्लाइडचं सादरीकरणसुद्धा तयार केलं: थिन क्लायंट म्हणजे काय, हायपरव्हायझर, गोल्डन इमेज, शेवटी विजेच्या बिलाचा आलेख. प्राचार्यांनी चौथ्या स्लाइडवर हात वर केला.

“हे सगळं बरोबर आहे. पण समिती दारातून आत आली, की तिला काय दिसणार?”

“स्क्रीन.”

“आणि खाली?”

खाली काही नव्हतं. टेबलाखाली पोरांचे मोज्यातले पाय होते.

जिन्याखालच्या खोलीत ते जुने चाळीस खोके निर्लेखनाची वाट पाहत पडले होते. प्रस्ताव दोनदा त्रुटी काढून परत आला होता. आतलं कामाचं सगळं आधीच काढून झालेलं, म्हणजे काही आम्ही काढलेलं आणि बाकी पोरांनी. मामांनी पुढाकार घेतला. दोन दिवस ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी खोके लॅबमध्ये आणले आणि प्रत्येक खोका त्याच्या जुन्या क्रमांकाच्या जागी, पूर्वी होता तस्सा, टेबलाखाली लावला. वायरसुद्धा मागं खोचली, दुसरं टोक मोकळं. मी म्हणालो, मामा, हे बरोबर नाही. कुणी विचारलं तर मी खरं ते सांगणार. “सांगा की,” मामा म्हणाले, “कोन इचारतंय?”

समिती आली. तिघांनी दारात बूट काढले. त्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि त्यांनी पूर्ण पाहणी उजवा पाय डाव्या पायामागं ठेवून केली. एकानं खोके मोजले. चाळीस. दुसऱ्यानं विचारलं, “लॅब इतकी शांत कशी?” मी बारा स्लाइड उघडायला वळलो, तोवर तिसरे म्हणाले, “देखभाल उत्तम दिसते,” आणि ते पुढं केमिस्ट्रीकडं निघून गेले. त्यांच्या शेऱ्यात ‘यंत्रे नवीन वाटतात’ असं वाक्य आहे.

खोके तिथंच राहिले. परत उचलून न्यायला कुणाला वेळ झाला नाही, शिवाय जिन्याखालच्या खोलीत तोवर क्रीडा विभागानं मॅट ठेवल्या. पोरं त्यांत पाण्याच्या बाटल्या, डबे आणि छत्र्या ठेवतात. सवय म्हणून आधी खोक्याचं बटण दाबतात आणि मग स्क्रीनचं. नव्या पहिल्या वर्षाच्या पोरांना तर कुणी काही सांगितलेलंच नाही.

मागच्या आठवड्यात लॅबची तक्रारवही माझ्याकडे सहीसाठी आली. सोमवारची नोंद, सकाळी १०.३२: “७ नंबरचा सीपीयू चालू होत नाही. स्क्रीनवर नुसते ठिपके फिरतात.” शेजारच्या ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात मामांच्या अक्षरात: “आतून पुसून घेतला. १०.५०ला चालू झाला.” खाली विद्यार्थ्याची समाधानाची सही होती. मीही केली.